सेव्हन टाइप किट कार: गाडी किती खाली ठेवायची आणि पेडलं कुठून लटकवायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता, की इंग्लंडमध्ये एमएक्स-५ डोनर (जिचं इंजिन आणि पार्ट वापरायचे ती जुनी माझदा) घेऊन सेव्हन टाइप किट (लोटस सेव्हनच्या धर्तीवरची, स्वतः जोडायची छोटी उघडी गाडी) बांधताय, स्वतःची उंची ६ फूट १ इंच, ग्राउंड क्लिअरन्स किती ठेवावा, आणि पेडलं फ्लोअरवर बसवावीत की वरून लटकती ठेवावीत. शिवाय पाय मावत नाहीत म्हणून फ्लोअर ५० मिमी खाली पाडायचा विचार आहे, आणि १५ इंची चाकांऐवजी १३ इंची घ्यायची आहेत.

माझं मत आधीच सांगतो. हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. फ्लोअरची लाइन ठरली की दोन्ही ठरतात, कारण खालून क्लिअरन्स त्या लाइनपासून मोजायचा आणि वरून तुमची टाच त्याच लाइनवर टेकणार. बरेच जण आधी पेडल बॉक्स विकत घेतात, मग सीट, मग शेवटी कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि डँपरची उंची बदलता येणारी जोडी) फिरवून गाडी "दिसायला बरी" होईल तेवढी खाली करतात, आणि मग पहिल्याच आठवड्यात संप (इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं) घासतो.

आधी क्लिअरन्सचं बघू. नुसतं "किती मिमी" म्हणून काही अर्थ नाही, कुठल्या पार्टखाली ते आधी बोला. सेव्हन टाइपमध्ये सगळ्यात खाली बहुतेक वेळा चॅसीचा पाइप नसतो, इंजिनचा संप किंवा बेलहाउसिंगची (क्लचभोवतीच्या कवचाची) खालची कड असते, आणि काही गाड्यांत एक्झॉस्टचा क्लॅम्प (तो फिरवून आडवा केला तरी १० मिमी फुकट मिळतात, कोणी करत नाही). त्यामुळे ब्रोशरमध्ये जो आकडा असतो तो चॅसी रेलचा आहे की संपचा हे किटवाल्याला विचारून घ्या.

आता बंपचं गणित. इंग्लंडच्या १९९९ च्या नियमांप्रमाणे रोड हंप २५ ते १०० मिमी उंच असू शकतो, प्रत्यक्षात ७५ च्या आसपासचे भरपूर भेटतात. पण उंचीइतकीच लांबी महत्त्वाची आहे. हंप लांबट गोल असेल तर दोन्ही चाकं हंपवरच असतात, त्यामुळे मधल्या भागाला फक्त फुगवटा नडतो. उदाहरण म्हणून आपल्याकडचा आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) मापाचा स्पीडब्रेकर घ्या, ३.७ मीटर रुंद, १०० मिमी उंच, १७ मीटर त्रिज्या. २.३ मीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधल्या अंतराची) गाडी त्याच्या बरोबर मध्यावर उभी केली तर चाकांखाली हंप साधारण ६१ मिमी असतो, म्हणजे मधे फक्त ३९ मिमी खाल्ले जातात. (सोसायटीच्या गेटसमोर कंत्राटदार जे डांबराचं ढेकूळ टाकून जातो ते या गणितात बसत नाही, ते सोडा.) पण तोच हंप एक-सव्वा मीटरचा आखूड असेल तर तो अख्खा दोन ॲक्सलच्या मधे मावतो आणि मग ७५ म्हणजे पूर्ण ७५ जातात.

त्यात आणखी एक गोष्ट धरली जात नाही. पुढची चाकं हंपवरून खाली उतरली की पुढचं सस्पेंशन दबतं, आणि संप पुढच्या ॲक्सलच्या मागेच असतो, म्हणजे गाडी दबते त्याच क्षणी हंपचा माथा संपखाली असतो. हळू चालवत असाल तरी २५ मिमी सहज दबते. ७५ अधिक २५ म्हणजे १०० झाले, आणि लोक "१०० मिमी भरपूर आहे" म्हणून बसलेले असतात! म्हणून माझा आकडा असा, की ड्रायव्हर बसलेला, टाकी अर्धी भरलेली, अशा अवस्थेत संपखाली ११० च्या खाली जाऊ नका. नुसती ट्रॅकवर जाणारी गाडी असेल तर ८०-९० चालेल, पण तुम्ही रोज नाही तरी रस्त्यावर चालवणार आहात.

संप पत्र्याचा आहे की ओतीव ॲल्युमिनियमचा तेही बघून ठेवा. ओतीव असेल तर आपटल्यावर तडकतो आणि तेल रस्त्यावर येतं, निदान कळतं तरी. पत्र्याचा चेपतो, गळत काहीच नाही, आणि आपण निर्धास्त राहतो, पण आत ऑइल पिकअपची (तेल ओढून घेणाऱ्या नळीची) जाळी संपच्या तळापासून जेमतेम काही मिमीवर असते, तळ चेपून वर आला की पिकअपचं तोंडच दाबलं जातं आणि लांब वळणावर ऑइल प्रेशर पडतं. पत्र्याचा संप नुसता चेपलेला दिसला तरी काढून पिकअपचं अंतर बघायचं, यात आळस नको. संप कापून उथळ करून घेता येतो, पण मग तेलाची क्षमता बाजूला पंख काढून भरून काढावी लागते आणि आत बॅफल (तेल उसळू न देणारे पडदे) लागतात, ते काम जाणकाराकडूनच.

मग खाली ठेवून मिळतं किती? साधा हिशोब करा. माणसासकट ६०० किलोची गाडी, ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) १.४ मीटर, सीजी (गुरुत्वमध्य) ४२० मिमीवर. १ जीच्या (वजनाइतकाच बाजूला जोर येईल अशा) वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर साधारण १८० किलो जातात. सीजी २० मिमी खाली, म्हणजे ४०० वर आणला तर १७१ जातात. फरक ८-९ किलोंचा. आहे, पण रस्त्यावर तुम्हाला तो जाणवणार नाही, टायर प्रेशर बदललं तर यापेक्षा जास्त फरक जाणवेल. उलट गाडी डिझाइन हाइटपेक्षा फार खाली नेली तर खालचे विशबोन (चाक धरणारे दांडे) बाहेरच्या टोकाला वर चढतात, रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) सीजीपेक्षा जास्त वेगाने खाली पळतो आणि गाडी वळणात जास्त कलायला लागते. बंप स्टिअर (चाक वरखाली होताना आपोआप वळणं) पण बिघडतं कारण स्टिअरिंग रॅक चॅसीला ठराविक उंचीवर वेल्ड केलेल्या ब्रॅकेटवर आहे, तो काही तुमच्याबरोबर हलत नाही. म्हणून किटवाल्याने जी राइड हाइट दिली आहे तिच्या १० मिमी अलीकडे-पलीकडेच खेळा.

१३ इंची चाकांचं. १९५/५० आर १५ चा व्यास ५७६ मिमी येतो, १८५/६० आर १३ चा ५५२. त्रिज्येत १२ मिमीचा फरक, म्हणजे चाकं बदलताक्षणी संप १२ मिमी खाली आला, कॉइलओव्हरला हातही न लावता. तो परत मिळवायला स्प्रिंगची रिंग वर फिरवाल तर विशबोनचे कोन बदलतात, आणि ते वर लिहिलंच आहे. १३ इंची हलकी असतात, सेव्हनवर दिसतातही छान, पण आधी डोनरचे ब्रेक कॅलिपर त्या रिममध्ये मावतात का ते बघा, मग पैसे टाका. मला विचाराल तर १५ वरच राहा.

रिंग फिरवण्याबद्दल एक. डँपर तिरका असतो आणि विशबोनच्या आतल्या बाजूला धरलेला असतो, त्यामुळे मोशन रेशो (चाकाच्या मानाने डँपर किती हलतो ते) ०.७ असेल तर रिंग १० मिमी फिरवली की गाडी साधारण १४ मिमी उचलते. तोच रेशो स्प्रिंगला वर्गाने लागतो. ३०० पाउंड प्रति इंचाची स्प्रिंग चाकापाशी १४७ चीच होते, म्हणजे साधारण २६ न्यूटन प्रति मिमी. शेजारी ७५ किलोचा माणूस बसला आणि त्यातले ५५ किलो मागच्या ॲक्सलवर गेले तर मागची बाजू १० मिमी बसते. म्हणून मागे १५-२० मिमी जास्त ठेवायचं, माणूस बसला की गाडी जवळजवळ सपाट होते, एकटे असाल तेव्हा थोडं नाक खाली, ते चालतं. डिकीत सामान आणि पूर्ण टाकी घेऊन वेल्सला निघालात की हे लक्षात येईल.

मोजताना सपाट जागा हवी, गॅरेजच्या फरशीला उतार असतोच, लेव्हल ट्यूब लावून बघा आणि चाकांखाली पत्र्याचे किंवा प्लायचे तुकडे देऊन सपाट करा. टायर प्रेशर आधी, सीटवर तुमच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या, आणि जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजू नका, टायर जमिनीला चिकटून आडवे धरून ठेवतात, गाडी दोन-तीन मीटर पुढेमागे ढकला, दाबून सोडा, मग टेप लावा. नाहीतर २० मिमीचा घोळ तिथेच होतो.

आयव्हीएच्या (रस्त्यावर आणण्याआधी अशा गाड्यांची ब्रिटनमध्ये होणारी तपासणी) दृष्टीने म्हणाल तर राइड हाइटचा संबंध लाइटांशी येतो. डिप हेडलाइटची खालची कड जमिनीपासून ५०० मिमीच्या वर हवी, इंडिकेटर ३५० च्या वर, मागचा फॉग २५० च्या वर. हेडलाइटचं ब्रॅकेट ५१० वर बसवून नंतर गाडी २० मिमी खाली केलीत तर गेलात. आधी हाइट फायनल, मग लाइट.

रस्त्यावरची एक युक्ती पण सांगून ठेवतो. इंग्लंडमध्ये चौकोनी उशीसारखे स्पीड कुशन असतात, बस आणि ॲम्ब्युलन्सला ते दोन चाकांच्या मधे घेऊन जाता यावं म्हणून. मोठ्या गाड्यांचं बघून आपणही ते दोन चाकांच्या मधे घ्यायला जातो. सेव्हनमध्ये तसं करू नका, सगळा उंचवटा बरोबर संपखालून जातो. एका बाजूची दोन्ही चाकं मुद्दाम कुशनवर चढवा.

आता ५० मिमी खाली पाडलेला फ्लोअर. बसण्याच्या जागी खाली पाडायला माझी हरकत नाही, उंच माणसाचं डोकं रोल बारच्या खाली आणायला दुसरा मार्ग नसतो. पण चॅसी रेल १२५ वर असेल तर सीटचा पॅन ७५ वर आला, म्हणजे आता सगळ्यात खालचा पार्ट संप नाही, तुमचं बूड आहे. आणि तो पॅन व्हीलबेसच्या मध्याच्या जरा मागे, जिथे लांब हंपचा फुगवटा सगळ्यात जास्त लागतो. २५ मिमी पाडा, सीटचा फोम काढून पातळ पॅड वापरा, बाकीचं पाठ कलती करून मिळवा. आणि पाडायचाच तर फक्त ढुंगणाखाली पाडा, पायाखाली नको. पाय मावत नाहीत ही लांबीची अडचण आहे, फूटवेल (पाय ठेवायचा बोळ) खोल करून ती सुटत नाही, आणि इथेच पेडलांचा विषय येतो.

फ्लोअरवरची पेडलं चांगली का वाटतात, तर त्यांचा पिव्हट टाचेजवळ असतो. टाच टेकवून चवडा दाबला की चवडा ज्या वर्तुळात फिरतो जवळजवळ त्याच वर्तुळात पॅड फिरतो, बूट पॅडवर घसरत नाही, कंट्रोल छान वाटतो. वजन खाली राहतं. लटकत्या पेडलात पॅडचं वर्तुळ उलटं, त्यामुळे दाबताना बुटाचा तळवा पॅडवर थोडा सरकतो. एवढं ऐकून सगळे फ्लोअरच्या प्रेमात पडतात.

पण फ्लोअरच्या सेटमध्ये मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेल ढकलणारे) पेडलांच्या पुढे आडवे असतात, सिलिंडर आणि पाइपचं बेंड धरून १८०-२०० मिमी जागा पुढे जाते, आणि सेव्हनच्या फूटवेलमध्ये ती जागा तुमच्या पायांमधूनच कापली जाते. ६ फूट १ इंचाच्या माणसाला २०० मिमी सोडणं परवडत नाही. शिवाय बेसप्लेट आणि पिव्हटची उंची ३०-४० मिमी, म्हणजे टाचेखाली तेवढाच खोटा फ्लोअर द्यावा लागतो आणि वर बोटांना जागा उरत नाही. मिड-इंजिन गाडी असेल, जीटी४० सारखी रेप्लिका, नाक लांब आणि रिकामं, तिथे मी डोळे झाकून फ्लोअरवरची लावीन, आणि पेडल बॉक्स रेलवर सरकता करून नवरा-बायको दोघांना चालवता येईल असा करीन. तुमच्या गाडीला लटकती. सिलिंडर बल्कहेडमधून (इंजिन आणि फूटवेलमधल्या पडद्यातून) इंजिनच्या बाजूला जातात, पायांची लांबी पूर्ण तुमची, ब्रेकच्या तेलाची बाटली सिलिंडरवरच बसते आणि बॉनेट काढलं की लेव्हल दिसते. फ्लोअरवर सिलिंडर खाली असल्याने वेगळी बाटली उंचावर बसवून पाइप ओढायचा, आणि सिलिंडर कॅलिपरपेक्षा खाली गेला तर तेल मागे उतरू नये म्हणून रेसिड्युअल व्हॉल्व्ह, डिस्कला २ पीएसआयचा. करता येतं, पण प्रत्येक जोड म्हणजे गळायची एक जागा.

लटकत्याचा दुसरा प्रकार म्हणजे सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूला, स्कटलखाली (डॅशवरच्या बॉडीच्या भागाखाली) उलटे. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तुमच्या बाजूला येत असेल आणि सिलिंडर त्याच्या शेजारी तापणार असतील तर याचा विचार करा. डॉट ४ (ब्रेकचं तेल) ताजं असताना किमान २३० अंशाला उकळतं, पण ओलावा धरल्यावर तो किमान आकडा १५५ वर येतो, त्यामुळे शेजारी लाल झालेला मॅनिफोल्ड असणं बरं नाही. पण ब्लीड करताना सर्कशीतल्यासारखं उलटं झोपावं लागतं आणि गळलं तर पँटवर. आधी हीट शील्ड लावून बघा.

खरी अडचण जिथे असते ते आता. लोक पेडल कुठे हे तासन् तास बोलतात, पण ब्रॅकेट कशाला धरलंय ते बघत नाहीत. पेडल रेशो, म्हणजे पेडल पायाचं बळ किती पट करतं ते, ५ ला १ धरा. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमात ब्रेक पेडल आणि त्याचं माउंटिंग २००० न्यूटन सहन करणारं लागतं, पुण्यातल्या कॉलेजांची पोरं सुद्धा याच आकड्यावर पेडल बॉक्स डिझाइन करतात, आपणही तोच धरू. २००० न्यूटन पायाने, म्हणजे पुशरॉडवर १०,००० न्यूटन, जवळजवळ एक टन, सिलिंडरला पुढे ढकलतोय. आणि पिव्हट? तो ८,००० न्यूटनने मागे ओढला जातोय. पिव्हट वर असो की खाली, हा हिशोब तोच. म्हणजे सिलिंडरचं माउंटिंग आणि पिव्हट एकमेकांपासून फाडले जातायत. दोन्ही एकाच मजबूत डब्यात असतील तर हे बळ डब्यातल्या डब्यात मिटतं आणि चॅसीला फक्त पायाचे २००० जातात. पण पिव्हट एका पाइपवर आणि सिलिंडर दीड मिमीच्या ॲल्युमिनियमच्या बल्कहेडवर असं केलंत, तर तो पत्रा पुढे फुगणारच, आणि १ मिमी फुगला की पॅडला ५ मिमी ढिला प्रवास. मग लोक "हवा राहिलीय" म्हणून आठवडाभर ब्लीड करत बसतात. तपासायचं असेल तर एकाला पेडल जोरात दाबायला सांगा आणि इंजिनच्या बाजूने सिलिंडरच्या फ्लँजवर बोट ठेवा, हललं तर हवा नाही, पत्रा आहे.

म्हणून ३ मिमी स्टीलचा वेल्ड केलेला बॉक्स, किंवा बाजारात मिळणारा ओतीव पेडल बॉक्स, चॅसीच्या २५ मिमी चौकोनी पाइपांना बोल्ट केलेला, पत्र्याला नाही. बोल्ट पाइपात आरपार घ्याल तर आत क्रश ट्यूब (पाइप चेपू नये म्हणून नळी) वेल्ड करा. फ्लोअरवरचीच हवी असा हट्ट असेल तर बोल्टची डोकी फ्लोअरखाली लोंबणार नाहीत हे बघा, क्रॉस मेंबरमध्ये बॉस (आटे पाडलेला ठोकळा) वेल्ड करून वरून बोल्ट घ्या. ११० मिमी राखायला एवढी धडपड केल्यावर खाली बोल्टची डोकी लोंबायला नकोत.

सर्व्हो (ब्रेकला जास्तीचा जोर देणारा डबा). डोनरच्या पेडलचा रेशो सर्व्होसाठी असतो, ४ च्या आसपास. सर्व्हो काढलात आणि पेडल तेच ठेवलंत तर लाकूड दाबल्यासारखं लागेल. ५ ते ६ हवा. डोनरचा टँडम सिलिंडर (एकातच दोन सर्किटं असलेला) सोडून दोन सिलिंडर आणि बायस बार (पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये बळ वाटणारा दांडा) घेणार असाल तर अजून एक, पायाचं बळ दोघांत वाटलं जातं. ४०० न्यूटनने, ५ रेशोने, पाऊण इंची टँडममध्ये ७० बार मिळतात, तेच पाऊण इंची दोन लावले तर प्रत्येकी ३५. म्हणून दोन सिलिंडरवाले ०.६२५ इंची घेतात, त्यात ५० मिळतात, पेडल जरा लांब जातं. रस्त्याच्या गाडीला मी टँडमच घेईन. बायस बार लावलात तर आयव्हीएला तो लॉक केलेला लागतो, डॅशवरची फिरकी ठेवून चालत नाही, आणि मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होता कामा नयेत.

पॅडची जागा कागदावर ठरवू नका. सीट पक्की करायच्या आधी, गाडी चालवताना घालणार तेच बूट घालून बसा, आणि पुठ्ठ्याचे पॅड चिकटवून बघा. टाचेपासून चवडा साधारण २०० मिमीवर येतो, पॅडचा मध्य तिथे. ब्रेक आणि ॲक्सिलरेटरमध्ये ५० मिमी फट, आणि ब्रेक पूर्ण दाबलेला असताना ॲक्सिलरेटर त्याच्यापेक्षा २०-२५ मिमी खोल, म्हणजे हील अँड टो (एकाच पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही) करता येईल. बोटं वर पिव्हट ट्यूबला किंवा स्टिअरिंग कॉलमला अडत नाहीत ना हे पेडल पूर्ण आत असताना बघायचं, नुसतं बाहेर असताना नाही. क्लचला स्टॉप लावाच, नाहीतर क्लच ढकलणाऱ्या हायड्रॉलिक स्लेव्हचा पिस्टन सीलबाहेर जाईल. ॲक्सिलरेटरलाही पेडलपाशी स्टॉप, तुमच्या पायाचा जोर केबल आणि थ्रॉटल बॉडीने झेलायचा नसतो. डाव्या पायाला ठेवायला जागा बहुतेक उरत नाही, क्लचखाली पाय सरकवता येतो का बघा.

तुम्ही एवढं करा, इंजिन आणि गिअरबॉक्स तात्पुरते बसवून, सीटवर पिशव्या टाकून, संप, बेलहाउसिंग आणि चॅसी रेल पुढे-मागे, एवढी मापं घेऊन लिहा. सोबत बल्कहेडपासून सीटच्या पाठीपर्यंतचं अंतर आणि फूटवेलची आतली उंची-रुंदी. फ्लोअर कापायच्या आधी.